म्हशीच्या आडून

लग्न होऊन ओतूरच्या बाजूला सासरी आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घरातली एक रीत समजावून सांगितली. सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही, ते ठीक, ते माझ्या माहेरीही होतं. पण बोलायचंच नाही म्हणजे?

"मग जेवायला वाढलंय हे सांगायचं कसं?" मी विचारलं.

"कुणाला तरी सांगायचं. त्यांच्या कानावर पडंल असं."

"आणि कुणीच नसलं तर?"

आत्याबाईंनी गोठ्याकडं हात केला. "म्हस हाय की."

मला वाटलं, नव्या सुनेची चेष्टा चाललीये. कसली चेष्टा! दुसऱ्याच दिवशी सकाळी मामंजी अंगणात तोंड धूत होते, लाईट आली होती आणि मोटार चालू करायची राहिली होती. घरात दुसरं कुणी नाही. मी गोठ्यात गेले, म्हशीच्या कपाळावर हात ठेवला आणि जरा मोठ्यानं म्हणाले, "ए बाई, लाईट आली बरं का. मोटार चालू करायला पायजे." मामंजींनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हशीकडंच बघून उत्तर दिलं, "कळलं. च्या घेऊन जातो." म्हशीनं कान हलवले. आमचं सासरा-सुनेचं पहिलं बोलणं असं झालं.

मामंजी वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते. मला नोकरी करू द्या, शेतीची पदवी घेतलेली पोरगी घरात बसवून काय करायची, असं तेच यांना म्हणाले होते. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला. हे चाकणला कंपनीत, शिफ्ट संभाळून येणार आणि पडल्या पडल्या घोरणार. तेव्हा घरात मी, आत्याबाई, मामंजी आणि म्हैस. त्यात म्हशीला सगळ्यांची सगळी गुपितं ठाऊक.

नोकरी लागली ती आळेफाट्याच्या अलीकडच्या एका रोपवाटिकेत. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, कोबी, सगळ्यांची रोपं. माझं काम होतं शेतकऱ्यांच्या प्लॉटवर फिरायचं, आमची रोपं कशी लागलीत बघायचं, रोग-कीड ओळखायची आणि काय करायचं ते सांगायचं. फिरायला पिकअप आणि पिकअपवर एक ड्रायव्हरदादा. पूर्वी फाट्यावर गॅरेजात होते. जाड मिशा, खणखणीत आवाज, आणि कुणाशीही पाच मिनिटांत नातं काढणारे. "पावणं, तुमी कुठले? मग आमच्या मेव्हण्याचं गाव तुमच्या शेजारीच की!"

पहिल्याच प्लॉटवर माझी गोची झाली. शेतकरी म्हातारा, डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी, थेट मामंजींसारखा. तो म्हणाला, "काय झालंय वो या झाडांना?" मला दिसत होतं काय झालंय ते. पाणी जास्त होऊन मुळं गुदमरली होती. उत्तर अगदी ओठावर होतं. पण त्याच्या तोंडाकडं बघून माझा हात आपोआप ओढणीकडं गेला, मी ती डोक्यावर घेतली आणि ड्रायव्हरदादांकडं वळून म्हणाले, "दादा, यांना सांगा, ड्रिप निम्मं करा."

दादांनी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, काठीनं वाफा उकरून, हातात माती घेऊन, मूठ दाबून पाणी काढून दाखवलं. "बगा राव, झाड पितंय का बुडतंय?" म्हातारा खूष. पुढच्या वेळी त्याचं झाड सुधारलं होतं. दादांना त्यानं मक्याची कणसं दिली. मला त्याच्या बायकोनं घरात बोलवून चहा दिला.

आणि मग हेच चालू झालं, बघा. मी पान उलटून बघायची, हळूच सांगायची, "दादा, फुलकिडे आहेत." दादा गरजायचे, "फुलकिडं हायती!" मी औषध सांगायची, दादा ते गावच्या भाषेत समजावायचे, वर एखादा विनोद टाकायचे. मला तर हे लई सोयीचं वाटायचं. काम होतंय ना? शेतकऱ्याचं भलं होतंय ना? मग कोण बोललं यानं काय फरक पडतो, असं मी स्वतःलाच ऐकवायची. वर्ष-दीड वर्षात दादांना लोक 'डॉक्टर' म्हणायला लागले. रस्त्यात गाडी अडवून विचारायचे, "डॉक्टर, मिरचीचा शेंडा गोळा व्हतोय." दादा तोंड वाकडं करून विचारात पडल्यासारखं करायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी माझ्याकडं बघायचे.

एकदा तर कहर झाला. एका बागायतदाराचा टोमॅटो जोरात आला, त्यानं घरी पूजा घातली आणि आम्हाला बोलावलं. दादांना बाहेर मांडवात फेटा, शाल, नारळ. टाळ्या. मला आत बायकांत बसवून खणा-नारळानं ओटी भरली. परत येताना दादा फेटा मांडीवर ठेवून गाडी चालवत होते आणि मी, माझं कप्पाळ, मी चक्क म्हणत होते, "बरं झालं हो दादा, तुमचं कौतुक झालं."

हे सगळं बघत होती ती मावशी. मावशी म्हणजे आमच्या रोपवाटिकेत ट्रे भरणाऱ्या, बी टोकणाऱ्या बायकांत सगळ्यात जुनी. नातं काही नाही, सगळेच तिला मावशी म्हणायचे. धनगराच्या घरातली. तिचा दीर अजून मेंढरं घेऊन फिरतो, ती मात्र इथं रोपांत रमलेली. जीभ अशी की समोरच्याचं सालटं निघावं. फेट्याची गोष्ट ऐकून ती जेवता जेवता थांबली.

"तुला एक इचारू का? माझा दीर मेंढरं पुढं घालतो आन् आपण मागनं चालतो. का? तर त्याला ती वळवायची असत्यात. तू मागनं चालतीस ती कशापायी?"

"मला नाही जमत गं मावशी असं पुढं पुढं करायला."

"जमत न्हाई का करत न्हाईस?"

"तू मोठी शहाणी!" माझंही डोकं फिरलं. "तुला मालकांनी कितीदा म्हटलं, शेडची सुपरवायझर हो. तू काय म्हणतेस? 'नगं बाबा, मला काय कळतंय!' आणि सगळ्या शेडचं काम तूच बघतेस. कुठल्या ट्रेला पाणी कमी, कुठल्या पोरीचं बाळ आजारी, सगळं तुला ठाऊक. पण नावाला सुपरवायझर तो कालचा पोरगा, जो दिवसभर मोबाईल बघतो."

मावशीनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि डबा झाकून ट्रे भरायला उठली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. मालक तसे सरळ मनाचे, धंद्याला पक्के. म्हणाले, "मॅडम, आंबेगाव तालुक्यात नवी शाखा काढतोय. घोडेगावच्या अलीकडं जागा बघितलीये." घोडेगावच्या वर डोंगरात माझं माहेर. भाताची खाचरं, नाचणी, पावसात धुक्यात गेलेली शाळा. तिथं शाखा, आणि तिथली प्रमुख मी! मी तर मनातल्या मनात आईला फोनसुद्धा लावला.

"तर दादांना तिथं प्रमुख करावं म्हणतो," मालक म्हणाले. "शेतकरी त्यांचंच नाव घेतात. फोन आला की 'डॉक्टरला पाठवा.' शिक्षण नाही, पण बोलणं बघा त्यांचं. तुम्ही त्यांच्या हाताशी राहा. आत ऑफिस संभाळा, काय लागेल ते सांगत जा त्यांना. जोडी छान आहे तुमची."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "बरं. दादा मेहनती आहेत."

बाहेर आले. शेडमध्ये गेले. रिकाम्या ट्रेंची चळत होती, तिला अशी लाथ घातली की सगळे ट्रे फरशीवर पसरले. बायका दचकल्या. मी ढसाढसा रडले, लाज न बाळगता रडले. राग कुणाचा यावा हेही कळेना. मालकांचा? त्यांना जे दिसलं तेच ते बोलले. दादांचा? त्यांच्या तोंडी शब्द मीच दिले होते. आपल्या हातानं रोज थोडा थोडा खड्डा खणला आणि आता त्यात पडल्यावर बोंब मारून काय उपयोग!

मावशीनं ट्रे गोळा केले. मग माझ्या डब्यातला ठेचा काढून स्वतःच्या डब्यात घातला.

"हे काय?"

"दंड. आजपासून जवाजवा तू दुसऱ्याच्या तोंडानं बोलशील, तवा तुझं कालवण माझं. आन् मी 'मला काय कळतंय' म्हणाले, तर माझं तुझं. आता डोळं पूस आन् मालकाकडं जा. 'बरं' म्हणून आलीस ना? ते परत घे."

मी गेले. डोक्यात राग होता, आणि राग असला की माझं बरं चालतं. मालकांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मघाशी मी बरं म्हणाले, ते चुकीचं होतं. ती शाखा मला पाहिजे. दादा जे बोलतात ते मी सांगितलेलं असतं. सगळं."

मालकांनी चष्मा काढला. ड्रायव्हरदादांना हाक मारली. मला वाटलं, आता तोंडावर नाही म्हणतील दादा. पण दादा दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "खरं हाय साहेब. तुमी मला प्रमुख करणार म्हटल्यापासून माझी झोप उडालीय. म्याडम आत ऑफिसात बसल्या तर मी प्लॉटवर सांगणार काय?" मग जरा थांबून, मिशीवरून हात फिरवत, "पर खोटं कशाला बोलू, डॉक्टर म्हणलेलं आवडाया लागलं व्हतं. बायकोनं तर माहेरी सांगून पण टाकलंय."

मालक हसले नाहीत. म्हणाले, "ठीक. एका गावातनं तक्रार आलीये. आमची रोपं रोगट होती, म्हणून टोमॅटोवर व्हायरस आला, म्हणतात. लोक तापलेत. पुढच्या आठवड्यात देवळात बैठक आहे. ती तुम्ही घ्या. एकटीनं बोलायचं, दादा गाडीत. बैठक निभावली तर शाखा तुमची."

"कुठलं गाव?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. माझं सासर.

आता हसू येतं, पण त्या दिवशी मी मालकांना गावाचं नाव पुन्हा सांगायला लावलं. साऱ्या जगातलं नेमकं तेच गाव, जिथं टोपी घातलेला प्रत्येक माणूस माझा नात्यानं सासरा नाहीतर मोठा दीर. जिथं मी रस्त्यानं जाताना पदर सावरत भिंतीच्या कडेनं जाते. आणि तिथं माईक हातात घेऊन बोलायचं!

मधल्या दिवसांत मी रोज सराव केला. दादा प्लॉटवर गाडी लावायचे, काचा वर करायचे आणि मोबाईलवर भजनं लावून बसायचे. शेतकरी माझ्या खांद्यावरनं गाडीकडं बघायचा. "डॉक्टर नाय उतरले?" मी पाऊल बाजूला टाकून त्याच्या नजरेच्या मधे यायची. "डॉक्टरांचा घसा बसलाय. मला विचारा." सुरुवातीला आवाज इतका बारीक यायचा की शेतकरी कान पुढं करायचे. एकदा एकानं कीटकनाशकाचं विचारलं आणि मी सवयीनं गाडीच्या काचेवर टकटक केली. दादांनी मान फिरवली आणि भजनाचा आवाज वाढवला. त्या दिवशी माझी गवारीची भाजी मावशीच्या पोटात गेली. पण हळूहळू, अगं बाई, मला मजा यायला लागली! शेतकरी माझ्याशी वाद घालायचे आणि मी त्यांच्याशी. वाद घालता येतो, जिंकता येतो, कधी कधी हरूनही काही बिघडत नाही, हे मला नवंच होतं. मावशीचं कालवणही मी दोनचारदा मटकावलं, खोटं नाही सांगत.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी गावाचं शिवार फिरले. व्हायरस कुठून पसरलाय ते शोधायचं होतं. आमची रोपं इतर गावांतही गेली होती आणि तिथं झाडं टवटवीत होती. मग इथंच का? पानं बघत बघत मी पुढं गेले. ओढ्याच्या दिशेला रोग वाढत चालला होता. ओढ्याला लागून एक जुना प्लॉट उभा होता, हंगाम संपलेला, पानं पिवळी होऊन वळलेली, झाड हलवलं की पांढऱ्या माश्यांचा धुरळा उडायचा. त्याच माश्या सगळ्या नव्या लागवडीवर रोग घेऊन जात होत्या. तो प्लॉट महिन्यापूर्वीच उपटायला हवा होता.

तो प्लॉट आमचा होता. मामंजींचा.

मला तो माहीत नव्हता असं नाही हो. रोज कपडे वाळत घालताना दिसायचा. आणि मी सांगितलंही होतं. गोठ्यात उभं राहून, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "ए बाई, जुना प्लॉट आता उपटायला पायजे, त्यात माशी झालीये." मामंजी पडवीत होते. त्यांनी म्हशीला उत्तर दिलं होतं, "भाव चढलाय. टोमॅटोचं अजून दोन तोडं निघतील." संपलं. मी पुढं काय बोलणार होते? म्हशीच्या आडून निरोप जातो. वाद घालता येत नाही. 'नाही, तुमचं चुकतंय, त्या दोन तोड्यांपायी गाव बुडेल,' हे म्हशीला कसं सांगायचं?

बैठक सकाळची होती. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरल्या होत्या, म्हाताऱ्यांसाठी पुढं खुर्च्या. मधल्या खुर्चीवर मामंजी, हातात काठी. बायका मागं खांबांपाशी, त्यात आत्याबाई. मालक एका बाजूला बसलेले. मावशीला मालकांनी रोपांचे ट्रे दाखवायला आणलं होतं, ती खांबाला टेकून, मांडीवर डबा घेऊन माझ्याकडं बघत होती. दादा बाहेर गाडीपाशी.

लोक सुरुवातीलाच उखडले. "रोपंच रोगट दिली!" "आमी काय पहिल्यांदा टोमॅटो लावतोय का?" "डॉक्टर कुठाय? डॉक्टरला बोलवा, या बाईंना काय कळतंय!" एकजण तर रोगट झाड मुळासकट उपटून घेऊन आला होता, ते त्यानं माझ्या पायाशी टाकलं.

ते झाड मी उचललं. त्याच्याकडं बघितलं आणि माझी भीती अर्धी झाली, खरंच. झाड मला ओळखीचं होतं. माईक हातात घेतला. "रोप रोगट असतं तर खालची पानंसुद्धा वळली असती. ही बघा, खालची पानं चांगली आहेत. रोग लागवडीनंतर आला. आमच्या ट्रेमधली ही रोपं बघा, हातात घेऊन बघा." मावशीनं ट्रे फिरवले. लोक रोपं निरखायला लागले, आवाज जरा खाली आला. "पांढरी माशी रोग आणते. आणि माशी जुन्या झाडांवर वाढते. गावात एक जुना प्लॉट उभा आहे. तिथनं जितकं लांब जाल तितका रोग कमी. मी काल सगळं शिवार फिरले."

"कुणाचा प्लॉट?" मागनं कुणीतरी ओरडलं.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, गुळमुळीत, गोल. असतो एखाद्याचा, नाव कशाला घ्यायचं, सगळ्यांनीच काळजी घ्यायला हवी. तेवढं बोलले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. मावशीनं डब्याच्या झाकणावर बोटं वाजवली.

"आमचा," मी म्हणाले. "ओढ्याकडचा. आमच्या घरचा."

मामंजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. काठी टेकली, मान बाहेरच्या बाजूला वळवली आणि गाडीपाशी उभ्या दादांना हाक मारली. "ओ ड्रायव्हर! इचारा तिला. एवढं व्हतं तर घरी का न्हाई सांगितलं?"

दादांनी तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं. तोंड मिटलं, आणि खाली स्वतःच्या चपलांकडं बघत राहिले. देव भलं करो त्या माणसाचं.

माझा पदर डोक्यावरच होता. तो मी काढला नाही, काढायची गरजही नव्हती. दोन पावलं पुढं झाले, मामंजींच्या खुर्चीसमोर उभी राहिले.

"मामंजी, मला इचारा. मी हितंच उभी हाय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसाचे डोळे मी पहिल्यांदा समोरून बघितले. घारे होते. मला माहीतच नव्हतं.

मामंजींनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग त्यांनी मला विचारलं. मला, तोंडावर. "मग घरी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं," मी म्हणाले. "म्हशीला."

पहिल्यांदा हसल्या त्या बायका. खांबांपाशी एक फुस्स झालं, मग दुसरं, मग सगळ्याच. त्या मंडपातल्या कुठल्या सुनेनं म्हशीला, मांजराला, चुलीला निरोप सांगितला नव्हता? मग पुरुष हसायला लागले. झाड टाकणारा मांडीवर थाप मारून हसत होता. मालकांनी चष्मा पुसायला काढला. मामंजींनी ओठ घट्ट दाबून धरले होते, पण पोट हलत होतं. शेवटी त्यांनाही आवरलं नाही. "आयला," ते म्हणाले, "म्हस मला बोललीच न्हाई!" आणि मंडपात पुन्हा हशा पिकला.

हसू ओसरल्यावर ते पुन्हा गंभीर झाले. "आता काय करायचं ते सांग."

मी सांगितलं. जुनी झाडं उपटून बांधावर टाकायची नाहीत, खड्ड्यात गाडायची. नव्या लागवडीला पिवळे चिकट सापळे लावायचे. काय फवारायचं, कधी फवारायचं, आणि कधी अजिबात फवारायचं नाही. लोकांनी प्रश्न विचारले. मला विचारले. कुणी डॉक्टरचं नाव काढलं नाही. माझा आवाज शेवटच्या खांबापर्यंत पोचत होता आणि तो मलाच इतका आवडत होता की मी दोन वाक्यं जास्तच बोलले असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती हाकेनं. "सूनबाई! ये इकडं!" आमच्या घरात ही हाक कधी कुणी ऐकली नव्हती. मी धावत गेले. मामंजी ओढ्याकडच्या प्लॉटमध्ये उभे, तारा सोडलेल्या, झाडं उपटायला लागलेले. काही झाडांना अजून लालभडक टोमॅटो होते. ते त्यांनी बघितले, एक सुस्कारा टाकला आणि तसंच झाड खड्ड्यात फेकलं. "खड्डा पुरंल का बघ." मी म्हणाले, "अजून हातभर खोल पायजे, मामंजी." त्यांनी कुदळ उचलली. मीही उचलली.

शाखा मला मिळाली. मालकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, आणि मी 'दादांमुळं जमलं', 'सगळ्यांमुळं जमलं' असलं काही बोलले नाही. "थँक्यू, मी चांगली चालवीन," एवढंच म्हणाले. दादा माझ्याबरोबर घोडेगावला यायला तयार झाले, गाडीवर. त्यांच्या बायकोनं माहेरी काय सांगितलं देव जाणे. आणि मावशी! त्याच दिवशी मालक तिला म्हणाले, "मावशी, शेड तुम्ही बघा आता." तिनं तोंड उघडलं, मी पटकन तिच्या डब्याकडं हात नेला. तिनं डबा पोटाशी धरला आणि म्हणाली, "बगते की. कवापासनं बगतीच हाय." पुढं मान वर करून, "पर त्या मोबाईलवाल्याला आधी ट्रे धुवायला लावीन." शेडमध्ये जी काय आरडाओरड झाली!

घोडेगावला रुजू व्हायच्या आदल्या दिवशी गावातली तीन-चार माणसं आमच्या पडवीत आली. नवी लागवड सावरत होती, पण एकाला पानांची शंका होती. त्यांनी सवयीनं मामंजींनाच विचारलं, "आप्पा, शेंडा जरा वळल्यासारखा दिसतोय. काय करावं?" मी गोठ्यात वैरण टाकत होते.

"मला काय इचारता?" मामंजी म्हणाले. "ती काय उभी हाय. तिला इचारा." मग आत आवाज दिला, "अगं, एक खुर्ची आण बाहेर."

आत्याबाई खुर्ची घेऊन आल्या. त्यांनी ती मामंजींच्या खुर्चीशेजारी ठेवली, पदरानं पुसली, आणि मला हातानं बस अशी खूण केली. त्या घरात आत्याबाई स्वतः कधी मामंजींसमोर खुर्चीवर बसल्या नव्हत्या. मी थबकले. त्यांनी डोळे वटारले, तेव्हा बसले.

मग आत्याबाई गोठ्याकडं वळल्या आणि म्हशीला म्हणाल्या, "ए बाई, आता तू गप वैरण खा. तुझं काम झालं."

माणसं हसली. मी त्या शेतकऱ्याकडं वळले आणि विचारलं, "वरची पानं वळतायत का खालची?"